मनू, पुस्तक कुरिअर केलंय

मनू,

पोचल्याचा मेसेज बाबांना केलास, मला नाही, म्हणजे राग अजून आहे. असू दे. फोन केला तर तू नुसतं हं हं करणार आणि मी परत नको ते बोलणार, म्हणून टाईप करत बसलेय, सकाळपासून दोनदा लिहून पुसलं. शुगरबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

रुचिरा इथंच राहिली, फ्रीजवर. मी तुझ्या पिशवीत ठेवली होती, ती तू काढून ठेवलीस का बसच्या घाईत राहिली ते विचारत नाही. आज कुरिअर केली, दोन पदरी प्लास्टिकमध्ये बांधून. काऊंटरवरच्या मुलाला म्हणलं बाळा आपटू नको, पानं सुटलीत आतली. तो म्हणतो काकू, ही नवीन मिळते की दुकानात. काय सांगणार त्याला.

पूजनाच्या दिवशी मी चुकले. पंगतीत चुकले, ते जास्त वाईट. तुझ्या पानात दुसरी पोळी पडली आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, मनू, 6.8 आहे ना तुझं. काकूचा तूप वाढणारा हात तसाच वर राहिला. आणि बेबीमावशी लगेच, अगं गुळाची आहे गं, गूळ चालतो. गूळ काय नि साखर काय, रक्तात गेल्यावर दोन्ही सारखंच, पण तिला कोण सांगणार, तिनं तर संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कारल्याच्या रसाचे तीन व्हिडिओ टाकले. तू उठून गेली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू पोळी बाजूला सारलीस, दहीभात कालवलास, पान स्वच्छ केलंस आणि मग उठलीस. तुझ्या आजोबांची, नानांची सवय.

आणि त्या दिवशी पहाटे साडेचारला उठून सगळं तूच केलं होतंस गं! सोळा भाज्या एकटीनं चिरल्यास. पंधरा भरल्या तेव्हा मी म्हणलं कोथिंबीर धरू सोळावी, तर तू ऐकलं नाहीस, पावसात छत्री घेऊन मंडईत गेलीस आणि अळूची जुडी घेऊन आलीस, केसातनं पाणी गळतंय. राहुल मला हळूच म्हणाला, आई ही ऑफिसमध्येपण अशीच आहे. आदल्या दिवशी कुंकवाची पावलं काढताना गौर आली कशाच्या पावली हेसुद्धा तूच विचारलंस, नाहीतर हल्ली कुणी विचारत नाही, मुलं मोबाईलमध्ये. हे सगळं मी चार बायकांसमोर बोलायला हवं होतं. बोलले काय, तर 6.8.

तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी असते ती 6.8, म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट. जूनमध्ये तुझं ते प्रोजेक्ट चालू होतं, रात्री अकराला बाहेरून मागवून खायचीस. बघ, ठरवूनसुद्धा आलेच मी तिथं. सोड.

रुचिराबद्दल लिहायचं होतं. कमलाबाई ओगल्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि 1970 साली पुस्तक आलं तेव्हा वाटी-चमच्याचं माप दिल्यामुळं नव्या सुनांना काय आधार झाला असेल! त्याआधी सासूला विचारलं की उत्तर एकच, अंदाजानं घाल. पण तुला पाठवलीय ती कमलाबाईंसाठी नाही, आजीसाठी. आजी गेल्यावर मामानं भांडी काढली वाटायला, तेव्हा मी एवढंच मागितलं. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा बाबांनी टीव्ही खालीच सोडला आणि गौरींच्या मुखवट्यांची ट्रंक माळ्यावर चढवली, त्यात मुखवट्यांच्या खाली रुचिरा. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली आणि आमचं हे तेलकट डागांचं राहिलं. त्या वर्षी गौरी बसल्या तेव्हा भिंतींना अजून गाळाचा वास होता, आठवतं? पुरण नव्हतंच, शेजारून आलेली शेवयांची खीर दाखवली नैवेद्याला.

पुरणपोळीचं पान तू उघडशीलच. छापलेल्या मापाशेजारी आजीनं पेन्सिलनं लिहिलंय, गूळ पाऊण. त्याच्या खाली निळ्या पेननं, अर्धी वाटी, यांना एकच पोळी. शंकरपाळ्याच्या पानावर, डबा वरच्या फळीवर. नाना खुर्ची लावून काढायचे ते तिलाही माहीत होतं. मी कॉलेजला होते, नानांच्या चपलेत दिवसभर खडा होता आणि त्यांना कळलाच नाही, शुगरनं पाय बधिर झालेले, लागतंय हेच कळेना. आठ दिवसांत अंगठा काळा पडला, मिरजेला नेऊन काढावा लागला. घरी आल्यावर म्हणाले, चला, एक नख कमी कापायचं. आम्ही हसलो पण, काय करणार.

पुरणाच्या त्याच पानावर सगळ्यात खाली आहे, गूळ पूर्ण वाटी, 1999. नाना 98 च्या उन्हाळ्यात गेले, पहिलं वर्ष सण झालाच नाही, दुसऱ्या वर्षीचं हे. एवढंच, पुढं काही नाही लिहिलं तिनं. हे पान तुझ्याकडं जायच्या आधी काढून ठेवावं असं दोनदा वाटलं. मग ठेवलं तसंच.

तुझं तेहतीस वय आहे, नानांचं पन्नास होतं, आणि तेव्हा ही औषधं कुठं होती, मला कळतं सगळं. तुला आकडे माझ्यापेक्षा जास्त कळतात हेही कळतं. तरी रात्री जाग आली की मला तुझे पायच दिसतात, लहानपणीचे, पैंजणातले. तेवढे रोज रात्री बघत जा, बोटांच्या मधेपण. आणि जेवण झाल्यावर लगेच लॅपटॉप घेऊन बसू नकोस, राहुलला घेऊन खाली दोन चकरा मार, आणि ते ज्यूसचे डबे... झालं माझं सुरू. सॉरी गं. एका बाईनं सांगितलं मुलांना सॉरी म्हणलं की ती ऐकतात, म्हणून नाही म्हणत, खरंच.

बेबीमावशीला मी सांगितलं नव्हतं. बाबांनी सांगितलं. त्यांना रागावू नकोस, ते त्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा पितात आणि तोंड वाकडं करून म्हणतात, छान लागतो.

पुरणयंत्राची बारीक जाळी सापडत नाहीये, भांडी आवरताना तुझ्या डब्यांत गेलीय का बघ. असली तर राहू दे तिकडंच.

आई