तुझा फोल्डर सापडला, पण…

प्रिय मित्रा,

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितोय. आपल्या नाटकाच्या तालमींच्या कॅसेटी डिजिटल करून तू बारा फायली माझ्याकडे ठेवायला दिल्या होत्यास. "माझ्या नॅसवर दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी आहेच," असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. (नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली, फायली साठवायची पेटी.) तो तोरा पुरता उतरलाय.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी नॅस सुरूच होईना. दिवा नुसता लुकलुकत राहिला, स्थिर काही होईना. अडॅप्टर बदलून पाहिला, तेच. मग मी एक डिस्क उपसून यूएसबी डॉकमध्ये घातली आणि विंडोजच्या लॅपटॉपला जोडली. लगेच चौकट उघडली: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? आणि माझं बोट एंटरवर! नॅसच्या पोटात बहुतेक वेळा लिनक्स असतं, त्याची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते पुसून टाकू का, असं ते सरळ विचारतं. मी डॉकची वायर काढली आणि तासभर कशालाही हात लावला नाही. त्या सगळ्या दिवसांत मी केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच असावं.

मग डिस्कवर स्केचपेनने १ आणि २ असे आकडे टाकले, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि 'एमडीएडीएम' या लिनक्सवरच्या साधनाने दोन्हींवरची रेडची नोंद फक्त वाचली. रेड म्हणजे डिस्कची जोडणी; माझ्याकडे ती आरशासारखी, एकीवर जे ते दुसरीवर. डिस्कवर काही लिहायचं नाही, हा एकच नियम. त्या नोंदीत डिस्क शेवटची कधी अद्ययावत झाली ते असतं. दोन नंबरवर पंधरवड्यापूर्वीची तारीख होती. एक नंबरवर आठ महिन्यांपूर्वीची! मी दोनदा चष्मा पुसला.

म्हणजे एक डिस्क आठ महिन्यांपूर्वीच गळाली होती आणि नॅस एकाच पायावर उभा होता. त्याने मला कळवलं नाही असंही नाही. मेलमागून मेल पाठवले, पण ज्या पत्त्यावर पाठवले तो पत्ता मी कधीच सोडलाय. एका रात्री बीपरही केकाटत होता. वीज गेल्यामुळे ओरडतोय असं समजून मीच सेटिंगमध्ये जाऊन त्याचं तोंड बंद केलं होतं.

तू फायली दिल्यास सहा महिन्यांपूर्वी. म्हणजे त्या एकाच डिस्कवर होत्या आणि तीच आता कण्हत होती. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी 'स्मार्ट' नोंद ठेवते, तिच्यात १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाचता न आल्याने अडकून पडलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), शून्य असायला हवा. तो तीनशेच्या वर गेला होता. नॅसची स्वतःची यंत्रणाही त्याच डिस्कवर, म्हणून तो उठत नव्हता. घाईत जुनी डिस्क खरी धरून मी रेड पुन्हा जुळवली असती, तर जुन्याने नव्याला गिळून टाकलं असतं.

अशा डिस्कवरून साधी कॉपी करू नये. कॉपी खराब जागी अडते, तिथेच डोकं आपटत बसते आणि तेवढ्यात डिस्क मान टाकते. मी 'डीडीरेस्क्यू' वापरलं. ते आधी सहज वाचता येतं तेवढं भराभर उचलतं, खराब जागा ओलांडून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन तिथलं खरवडतं. कुठवर आलो ते फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबलं तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. ४ टीबीची धडधाकट डिस्क सात-आठ तासांत उतरली असती. हिला अडीच दिवस लागले. डिस्कमधून मधूनच 'टक्' असा आवाज यायचा आणि वेग शून्यावर. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचो, पान एकच.

अखेर फक्त ९६ केबी वाचायचं राहिलं. मूळ डिस्क बाजूला ठेवून त्या प्रतीवरून फायली काढल्या. अकरा फायली स्वच्छ आहेत. सातवीत तेविसाव्या मिनिटाला चित्राचे चौकोन होतात आणि काही सेकंद आवाज जातो. नेमकं तुझं स्वगत चालू असताना. ते लांबलंय असं दिग्दर्शक तेव्हाही म्हणत होताच, पण या कापाकापीत माझा हात नाही, शपथ.

रेडला मी बॅकअप समजत होतो, ही खरी चूक. १९८८ साली बर्कलीतल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली ती स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क एकत्र जुंपायला; एखादी मेली तरी काम थांबू नये एवढीच तिची हमी. मी चुकून फाइल पुसली तर आरशातलीही त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने कुलूप घातलं तर दोन्हीकडे.

आता तीन प्रती ठेवतोय. एक नॅसवर. दुसरी बाहेरच्या डिस्कवर. ती रविवारी जोडायची आणि काम झालं की वायर काढायची, कारण जोडलेली डिस्क नॅसबरोबरच मरू शकते. मेलचा पत्ता बदलला, चाचणीचा मेल आला का तेही पाहिलं. दर महिन्याला बॅकअपमधून एखादी फाइल काढून उघडून बघतो. तिसरी प्रत घराबाहेर हवी, आणि तिथे तू लागतोस. कुलूपबंद केलेली एक डिस्क तुझ्याकडे पाठवू का? तुझी माझ्याकडे राहील. पासवर्ड फोनवर सांगेन, डिस्कवर चिठ्ठी चिकटवणार नाही.

आणि सातवी कॅसेट अजून आहे ना? असेल तर आधी झाकण उचलून उजेडात टेप बघ. पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नकोस, टेपही जाईल आणि हेडही खराब होईल. तशीच माझ्याकडे घेऊन ये.

तुझा,
तोरा उतरलेला मित्र