ओटीपी जपला, पण खातं उघडंच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे माझ्या सत्तरी ओलांडलेल्या मावशीलाही आता तोंडपाठ आहे. सांगत ती नाहीच. तरीही तिच्या पतसंस्थेत काय चाललंय ते पाहून हे पत्र लिहितो आहे.

चवथीआधी ठेवीचं व्याज जमा झालं का, हे पाहायला तिने मला तिचं ॲप उघडायला सांगितलं. पासवर्ड, ओटीपी, सगळं रीतसर झालं. खातेउतारा मागवायच्या पानावर सभासद क्रमांक आधीच भरलेला होता, पण चौकट खोडता येण्यासारखी. अंगठा लागून शेवटचा आकडा बदलला आणि उतरला तो दुसऱ्याच सभासदाचा उतारा: नाव, पत्ता, ठेवीची रक्कम, वारसदारसुद्धा. गृहस्थ आमच्याच वाड्यावरचे निघाले. मावशी चष्मा सावरत म्हणाली, “एवढी ठेव? आणि गणपतीच्या वर्गणीला कुरकुरतो!” मी फाइल पुसली आणि संस्थेला कळवलं. उत्तर आलं: ‘सभासदाने आपला पासवर्ड बदलावा.’

अशा वेब सर्व्हिस, म्हणजे ॲपच्या मागण्यांना उत्तर देणारे सर्व्हरवरचे प्रोग्राम, लिहिण्यातच माझी सारी नोकरी सरली, म्हणून हे उत्तर जास्त झोंबलं. लॉगिन झालं म्हणजे काम संपत नाही. उतारा, शिल्लक, पैसे पाठवणे ही प्रत्येक वेगळी मागणी असते आणि ती कुणाची, हे सर्व्हरने दर वेळी स्वतः ओळखायचं असतं. त्याची सोय तयार असते. जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या वेब सर्व्हिसमध्ये ‘गेटयूझरप्रिन्सिपल’ला विचारा, मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूसीएफ या वेब सर्व्हिस बांधायच्या साच्यात ‘प्रायमरीआयडेंटिटी’ पाहा. लॉगिन नीट जोडलेलं असेल तर नाव तिथे मिळतं. मोबाईलने पाठवलेला क्रमांक ही ओळख नव्हे. तो कुणीही बदलू शकतो, मावशीच्या भाच्याचा अंगठाही.

मग प्रोग्रामर असं का करतात? बहुतेक वेळा घाईने. वेबसाइटवर काम केलेला मुलगा डब्ल्यूसीएफमध्ये येतो आणि सवयीने ‘एचटीटीपीकॉन्टेक्स्ट’मध्ये, म्हणजे वेबसाइटवर जिथे मिळायचं तिथेच, नाव शोधतो. मुद्दाम वेबसाइटच्या पद्धतीशी सुसंगततेची सोय चालू केलेली नसेल तर तिथे काहीच सापडत नाही. डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असते. मग तो मागणीतच क्रमांकाची एक चौकट वाढवतो आणि सुटतो. चाचणीत हे पकडलं जात नाही, कारण चाचणी करणारा इमानदारीने स्वतःचाच क्रमांक टाकतो!

क्रमांक पाठवणंच चूक, असं मात्र नाही. मावशीची दोन खाती आहेत, एक काकांबरोबर संयुक्त; कुठलं हवं ते सांगावंच लागणार. पण ते खातं लॉगिन केलेल्या माणसाचं आहे का, हे सर्व्हरने आपल्या नोंदीत पाहावं आणि नसेल तर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ हा संकेत, देऊन परत पाठवावं. प्रश्न एका चौकशीचा आहे.

हे फक्त आमच्या गावातलं दुखणं नाही. अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर लिंकमधला आकडा बदलून परक्यांची कागदपत्रं दिसत होती. २०१९ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा सुमारे ८८.५ कोटी नोंदी उघड्या होत्या. तिथे तर लॉगिनही लागत नव्हतं. सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या एपीआय (ॲप आणि सर्व्हर यांच्यातला दुवा) धोक्यांच्या यादीत २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्येही पहिला नंबर याच जातीच्या चुकीचा. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

आता आमसभांचे दिवस आहेत. संचालकांना एवढीच विनंती की सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवावं. अध्यक्षांनी आपल्या मोबाईलवरून लॉगिन करावं आणि सचिवांच्या संमतीने त्यांचा सभासद क्रमांक टाकावा. सचिवांचा उतारा उतरला, तर शेवटच्या बिलावर सही करू नये.

आपला,
एक संगणक अभियंता, म्हार्दोळ