सिस्टर, तुमची वही अजून माझ्याकडेच आहे

सिस्टर,

नाव लिहीत नाही. लिहिलं तर भर वॉर्डात झापाल.

बीएस्सी नर्सिंगचं तिसरं सेमिस्टर होतं. 2021च्या नव्या अभ्यासक्रमापासून सेमिस्टर पद्धत आली, त्यामुळे एक परीक्षा उरकते तोवर दुसरी दारात. सकाळी क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं काम, दुपारी लेक्चर, रात्री होस्टेलच्या कॉटवर केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या देखभालीचा लेखी आराखडा. त्यात मी कणकवलीकडची, दहावीपर्यंत मराठी शाळेतली. फार्माकॉलॉजीचं, म्हणजे औषधशास्त्राचं पान उघडलं की पोटात गोळा यायचा आणि झोप उडायची.

त्या दिवशी मॅडमनी माझा केअर प्लॅन सगळ्यांसमोर परत केला. कॉपी आहे म्हणाल्या. होतीच कॉपी, सिनियरच्या फाइलवरून केलेली. मी चादरींच्या कपाटामागे जाऊन रडत बसले. तुम्ही आलात, बघितलंत आणि म्हणालात, "रडून झालं की सात नंबरचं सलाइन बघ, संपत आलंय."

इतका राग आला होता तुमचा! पण उठले.

मग तिथेच तुम्ही विचारलंत, "500 मिली, 8 तासांत. मिनिटाला थेंब किती?" मी कागद शोधायला लागले. तुम्ही म्हणालात, "आधी सलाइनच्या नळीच्या सेटच्या पाकिटावरचा आकडा वाच, प्रत्येक सेट सारखा नसतो. मिलीला 20 थेंब असतील तर तासाला किती मिली जातंय ते काढ आणि तीनने भाग." तासाला साडेबासष्ट. म्हणजे 21च्या आसपास. वर्गात जे सूत्र मी घोकून घोकून विसरत होते, ते त्या सलाइनखाली उभ्या उभ्या डोक्यात बसलं.

पुढच्या शिफ्टला ओव्हर देऊन झाल्यावर तुमची कल्याण लोकल चुकणार होती, तरी माझी केअर प्लॅनची फाइल घेऊन बसलात. "पहिल्या रकान्यात काय लिहायचं असतं? पेशंट स्वतः काय सांगतो ते. मग इंग्रजी कशाला शोधत बसतेस? आजी काय म्हणाल्या?" आजी म्हणाल्या होत्या, पायाला मुंग्या येतात, चप्पल कधी निसटली कळतच नाही. "हेच लिही. त्यांना डायबेटीस आहे ना? आता पाय बघ, जखम आहे का. मग तपासणी, मग निदान." मराठी ही माझी अडचण आहे असंच मी धरून चालले होते. आजी मात्र चपलेची गोष्ट राउंडच्या डॉक्टरांना नाही, मलाच सांगून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची जुनी वही दिलीत. एकीकडे इडिमा, पॅल्पिटेशन, डिस्निया. समोर सूज, धडधड, धाप. शेवटच्या पानावर ताज्या शाईत 14416. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलतात. देताना त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदा लावला मी. पलीकडच्या ताईंशी बरंच बोलले, त्यात निम्मा वेळ आईबद्दलच. त्या रात्री झोप लागली. पुन्हा गरज पडली तर पुन्हा लावीन.

नाइट ड्युटीनंतर डोळ्यांवर काळी ओढणी टाकून झोपायचं, हेही तुमचंच. रूममेट हसते. हसू दे.

फार्माकॉलॉजी सुटली, काठावर. आता वॉर्डात नवीन बॅच आलीय. काल त्यातली एक त्याच कपाटामागे सापडली. मी तिला सात नंबरचं सलाइन बघायला पाठवलं.

वही मात्र इतक्यात परत मागू नका. पानं संपलीत, पुठ्ठ्यावर लिहितेय.

तुमची,
चादरींच्या कपाटामागची