त्या आठवड्यातला रविवार

माझ्या लाडक्या लेकीस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, काही दिवस चर्चला गेले नाही तर चालेल का?" आणि मी "बघू, नंतर बोलू" म्हणून विषय संपवला, कारण पप्पा शेजारी बसून बातम्या बघायचं सोंग करत आपलंच बोलणं ऐकत होते. त्यांच्यापासून लपवण्यासारखं काही नाही, पण पाळीचा विषय निघाला की ते उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जातात, आणि त्या दिवशी कुंड्या आधीच भरून वाहत होत्या. म्हणून लिहितेय.

तू सांगितलंस ते मी नीट ऐकलं. पाळीच्या आधीचा रविवार आला की गीत सुरू होताच घसा दाटतो. पुढच्या बाकावरचं लेकरू किरकिरलं की त्याच्या आईवर ओरडावंसं वाटतं. "काय गं, कशी आहेस?" असं कुणी साधं विचारलं तरी डोळे भरून येतात. मग पाळी येते, दोन-तीन दिवसांत आभाळ मोकळं होतं आणि पुढच्या रविवारी तूच कॉयरमध्ये उभी राहून हसत गात असतेस. तुला वाटतं, ह्यातली खरी कोण? जी गाते ती ढोंगी तर नाही ना?

दोघीही खऱ्या. हे तुझी आई म्हणूनच नाही, वॉर्डात जन्म घालवलेली नर्स म्हणूनही सांगते. महिन्याच्या मध्यावर कधीतरी बीज सुटतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन चढतं, आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत ते आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन, दोन्ही उतरू लागतात. हे सगळ्याच बायकांत होतं. ज्यांना जास्त त्रास होतो त्यांच्या रक्तात काही वेगळं सापडतं असंही नाही, रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. फरक असतो तो मेंदू त्या चढउताराला किती दाद देतो ह्याचा, आणि मन थाऱ्यावर ठेवणाऱ्या सेरोटोनिन ह्या मेंदूतल्या रसायनाचा त्यात मोठा हात आहे. पाऊस सगळ्यांच्याच दारावर पडतो, पण काही दारांचं लाकूड जास्त फुगतं आणि मग ते लागता लागत नाही. त्यात दाराचं पाप काय?

पाळीआधीच्या ह्या त्रासाला पीएमएस म्हणतात. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक नावाच्या डॉक्टरांनी 1931 साली ह्यावर लिहून ठेवलंय. त्याच्या फार तीव्र प्रकाराला पीएमडीडी म्हणतात, आणि 2013 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. पाळी येणाऱ्या शंभर जणींतल्या थोड्याच जणींना तो असतो. तुला साधं पीएमएस आहे की हे, ते मी इथे बसून ठरवणार नाही आणि तूही मोबाईलवर वाचून ठरवू नकोस. निदानाला डॉक्टर सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद मागतात. कालनिर्णयवर रोज रात्री पेन्सिलीने लिही: झोप कशी, चिडचिड किती, रडू आलं का, कामावर गेलीस का. पाळी आली त्या दिवसाला गोल कर. दोन महिन्यांनी ते पान घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. त्रास पाळीआधी येऊन पाळीबरोबर ओसरतो की महिनाभर मुक्काम ठोकून असतो, हे त्या पानावरच दिसतं. महिनाभर असेल तर तो निराळा आजार, त्याचे उपचारही निराळे.

गोळी लागली तर घ्यायची. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या ह्या त्रासात काही जणींना फक्त पाळीआधीचे दोन आठवडेच देतात, आणि एरवी त्यांना गुण यायला आठवडे लागतात तसं इथे होत नाही, दिवसांतच फरक पडतो. डॉक्टर सांगतील तशाच घ्यायच्या, मैत्रिणीच्या पट्टीतल्या नाहीत.

आता ते दुसरं. प्रार्थनासंगतीत कुणी बाई तुला म्हणाली की "विश्वास कमी पडतोय, उपास धरून प्रार्थना कर." त्या बाईंचं मन चांगलं असेल, सल्ला वाईट आहे. पाळीच्या दिवसांत आधीच कोलमडलेल्या पोरीला उपास सांगायचा! प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकारी तीमथ्याला काय लिहिलं आठव. त्याचं पोट वरचेवर बिघडायचं, तर पौलाने त्याला विश्वास वाढव म्हटलं नाही, नुसतं पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला. आणि पौलाच्या बरोबर फिरणारा लूक वैद्य होता, त्याला तो "प्रिय वैद्य" म्हणतो. एलीया संदेष्ट्याचं तर बघ. रानात झुडपाखाली बसून तो "पुरे झालं, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला वचन ऐकवलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर.

शुभवर्तमानातल्या, येशूच्या वस्त्राला शिवणाऱ्या त्या रक्तस्राव होणाऱ्या बाईवर तू लहानपणापासून ढीगभर उपदेश ऐकलेस. तिचं दुखणं तुझ्यासारखं नव्हतं, हे कबूल. पण मला त्यात उपदेशातून सहसा न येणारी एक गोष्ट दिसते. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे ती बारा वर्षं अशुद्ध, कुणाला शिवायचं नाही. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत पोरीला "कावळा शिवला" म्हणून कोपऱ्यात बसवतात तसंच, फक्त चार दिवसांऐवजी बारा वर्षं. ही बाई गर्दीत आली ती मागून आली. कुणाशी बोलली नाही, साक्ष दिली नाही, चेहरा हसरा केला नाही. वस्त्राला हात लावायचा आणि निघून जायचं, एवढाच तिचा बेत. प्रभूने तिला थांबवून "मुली" म्हटलं, ते नंतर. मागून येणंसुद्धा येणंच होतं.

म्हणून माझं उत्तर असं. त्या आठवड्यात चर्च सोडू नकोस, पण नेहमीसारखी जाऊही नकोस. मागून जा.

म्हणजे काय, ते सांगते. कॉयर त्या रविवारी नाही. कॉयरच्या सरांना "ह्या रविवारी मी नाही" एवढंच कळवायचं, कारण सांगायला तू बांधील नाहीस. शास्त्रवाचन तुझ्याकडे असेल तर मैत्रिणीशी अदलाबदल. शेवटच्या बाकावर, बाजूच्या दाराशी बस, म्हणजे उठावंसं वाटलं तर चाळीस लोकांच्या गुडघ्यांवरून जावं लागणार नाही. सकाळी पोटात काहीतरी घालून निघ. पहिलं गीत संपल्यावर पोचलीस तरी चालेल, पाळकसाहेब हजेरी घेत नाहीत. गायला नाही जमलं तर गाऊ नकोस, पुस्तक उघडून ठेव. आशीर्वाद झाला की निघ. चहाला थांबायचं नाही. (पुण्यातल्या पंचहौद मिशनच्या चहाने एकेकाळी टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत टाकलं होतं, 1890 ची गोष्ट. तुला तिथल्या चहाला नाही म्हटल्याबद्दल कुणी वाळीत टाकणार नाही.)

तू विचारशील, गायचं नाही, बोलायचं नाही, तर जाऊन करायचं काय? घरी पडून मोबाईलवर उपासना बघितलेली काय वाईट? अगदीच उठवत नसेल तर तीही बघ, मी नाही म्हणत नाही. पण मार्कच्या दुसऱ्या अध्यायातल्या त्या पक्षाघात झालेल्या माणसाला आठव. चौघांनी त्याला बाजेसकट छपरातून खाली सोडला. त्या माणसाने काही मागितल्याचं, काही कबूल केल्याचं लिहिलेलं नाही. प्रभूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलंय. बाज धरणाऱ्यांचा तर नक्कीच. मी हे लहानपणापासून ऐकत आले, पण वॉर्डात काम करायला लागल्यावर मला ते खरं उमगलं. तुझ्या आवाजाशिवायही गीत पुरं होतं. मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणताना तुझे ओठ हलले नाहीत तरी दोनशे माणसं ते म्हणत असतात आणि तू त्यांच्यातच बसलेली असतेस. इतर रविवारी तू कुणाची तरी बाज धरलेली असतेस, तुला ठाऊकही नसतं कुणाची. ह्या रविवारी तू बाजेवर. घरी एकटी पडलीस की बाज धरायला कुणी नसतं, मला चिंता आहे ती एवढीच.

आणि रडू आलं तर येऊ दे. स्तोत्रांच्या पुस्तकात 88 वं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटच्या ओळीतही उजाडत नाही, तरी ते देवाच्या मंदिरात गायलं जायचं.

प्रभुभोजनाचं तू जे म्हणालीस त्यावर मात्र मी रात्रभर विचार केला. शनिवारी रूममेटवर भांड्यांवरून वाट्टेल तसं ओरडलीस, आणि रविवारी भाकर घ्यायची वेळ आली तेव्हा "अयोग्य प्रकारे" हे शब्द आठवून बाकावरच बसून राहिलीस. पौलाने ते करिंथच्या मंडळीला का लिहिलं, त्या पहिल्या पत्राचा तो सगळा अकरावा अध्याय काढून वाच. तिथे खाऊनपिऊन सुखी असलेली माणसं आधीच जेवून घ्यायची, काही तर झिंगायची, आणि गरीब उपाशी राहायचे. मंडळीतल्या गरिबांचा असा अपमान करून भोजन घेणं, हे ते अयोग्यपण. पाळीआधी ज्यांचं मन ताळ्यावर नाही त्यांनी दूर बसावं, असं त्यात कुठेही नाही.

पण रूममेटचं तेवढं मिटव. चिडचिडीला कारण आहे म्हणून ओरडणं माफ होत नाही. तिला तुझ्या हार्मोनची कथा ऐकवायची गरज नाही. "काल मी फार बोलले, चुकलं माझं," एवढं म्हण. भांडी घास. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर आधी जाऊन समेट कर, असं प्रभूच म्हणाला आहे. मग ये आणि भाकर घे. आणि सगळं बरं असतं त्या आठवड्यात तिला एकदा सांगून ठेव की महिन्यातले काही दिवस मला जड जातात, तेव्हा माझ्याशी वाद काढू नकोस. बऱ्या मुली ऐकतात. ती बरी वाटते मला, आपल्या घरी आली होती तेव्हा तिने न सांगता ताट उचललं होतं.

एक गोष्ट मात्र फोनवर बोलायचीच, पत्राची वाट बघायची नाही. त्या दिवसांत "मी नसलेली बरी" असा विचार आला, अगदी ओझरता आला, तरी मला त्याच क्षणी फोन कर. रात्री दोन असोत. मी नाही उचलला तर 14416 लाव, ती टेलीमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. हे विचार पीएमडीडीत येतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तू सांगितलंस तर मी घाबरून रडारड करणार नाही.

आणि एखाद्या रविवारी खरंच पाय उंबऱ्याबाहेर पडलाच नाही, तर मला नुसता "आज नाही" असा मेसेज टाक. मी आपल्या चर्चमध्ये असेन. मध्यस्थीच्या प्रार्थनेत तुझं नाव घेईन, मोठ्याने नाही, घाबरू नकोस. महिला मंडळाला काही कळणार नाही.

तुझी,
आई

ता.क. पुढच्या शनिवारी पप्पा पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि एक पेन्सिल पाठवते. डॉक्टरांची वेळ घेतलीस की तारीख कळव, मी सोबत येते. बाहेर बाकावर बसेन, आत तू एकटी जा.