चार पावलं

गुहागर

चि. प्रसाद यास अनेक आशीर्वाद.

कोकणकन्येत चढताना डावा पाय आधी टाकलास आणि उजवा मागून ओढून घेतलास, ते मी पाहिलं. वरून हसत हात हलवत होतास. परत तेच विचारायचं नाही असं ठरवून बसलेय, पण अनवाणी चार पावलं न लंगडता पडतात का रे?

घोटा मुरगळला तेव्हा, ओल्या अंगणात पायात चाळ बांधून नाचायला सांगितलं होतं कोणी, असं मी बोलले. ते मागे घेते. जाखडीत तू फेर धरलास तेव्हा अण्णाच आठवले. दृष्ट लागेल म्हणून कौतुक तेवढं केलं नाही.

खरी चूक माझी. त्याच रात्री विटेचा शेक दिला, वर तेल चोळलं. सकाळी घोट्याचं हाड दिसेना, चप्पल शिरेना. पाय आत मुडपला की बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा बंध, ताणतं, फाटतंसुद्धा, आत रक्त साकळतं. त्यावर पहिले दोन-तीन दिवस शेक नि चोळणं म्हणजे सूज वाढवणंच, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी खाली बघत होते. तिसऱ्या दिवशी काळंनिळं पार बोटांपर्यंत आलं. ते रक्तच खाली उतरतं म्हणे, पण मला रात्रभर झोप नाही.

डॉक्टरांनी चार पावलं टाकायला लावली, ती तुला टाकता आली नाहीत, म्हणून तर एक्स-रे काढला. त्यात काही निघालं नाही म्हणून तू मोकळा! अरे, त्यात हाड दिसतं, लिगामेंट नाही. बाबांचा पाय असाच मुरगळला होता, त्यांनी आठव्या दिवशी होडी ढकलली. मग पुळणीत चालतानाही पाय मुडपायचा. अजून पाखाडी उतरताना त्यांचा हात गडग्यावर असतो.

झालं माझं सुरू. रागावू नकोस.

संध्याकाळी सूज आली तर पाय उशीवर घे, बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं लाव, नुसता नको. दुखेनासं झालं की दात घासताना भिंतीला हात ठेवून त्या पायावर उभा राहा, तोल परत यायला हवा. लंगडीत सगळी वाडी बाद करायचास तू, याच पायावर. वहिनीची पोरं अजून तुझं नाव घेतात.

दादरचा जिना उतरताना कठडा धर. चार पावलं टाकून बघ आणि कळव, नुसतं 'हो हो' नको. मी पुन्हा विचारलं हे बाबांना सांगू नकोस.

तुझी आई