पिशवी काढली, पण टाका कुठे बांधला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर गुडघे, शुगर, बीपी सगळं येतं पण अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भाची पिशवी खाली उतरून योनीमार्गातून बाहेर येणं, यावर कधी काही वाचलेलं मला तरी आठवत नाही, म्हणून लिहितेय. आईचं वय आता ६७. धाकट्या भावाच्या वेळी तिसऱ्या दिवशी विहिरीवर पाण्याला गेली होती, तेव्हापासून खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटायचं म्हणे. जुन्या लुगड्याच्या कापडाची घडी लावून ती वीस-बावीस वर्षं शेतात गेली आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. मला कळलं ते पण कपडे वाळत घालताना, तशाच आकाराची सात-आठ फडकी पत्र्याच्या मागे वेगळ्या दोरीवर दिसली तेव्हा.

मग तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. दोन मिनिटं तपासलं आणि "पिशवी काढून टाकू, वय झालंय, आता काय उपयोग" असं सांगितलं. आम्हाला पण बरं वाटलं की चला कटकट गेली. ऑपरेशन खालून झालं, पाचव्या दिवशी घरी. चार वर्षांनी परत गोळा बाहेर! आई मलाच म्हणते, अगं पिशवीच नाही तर हे काय येतंय?

पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो तिथल्या बाईंनी उत्तर दिलं. त्यांनी टेबलावरच्या उशीचा अभ्रा काढला, त्याची बंद बाजू आतून धरली आणि तोंडातून उलटी बाहेर ओढली, म्हणाल्या हे असं झालंय. पिशवी काढल्यावर योनीमार्गाचा वरचा भाग शिवून बंद करतात, तो वर कशाला तरी घट्ट बांधावा लागतो, नाहीतर खोकलं-कुंथलं की हळूहळू खाली उतरतो. म्हणजे मूळ आजार पिशवीचा नव्हताच, तिला धरून ठेवणारे बंध सैल झालेले. पिशवी नुसती काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर वर काय बांधलं याचा एक शब्द नाही, मी तीनदा वाचलं.

दुसऱ्या वेळी खालूनच आतल्या एका बळकट बंधाला टाके घेऊन तो भाग टांगला, पुढची-मागची भिंत पण शिवली. महिनाभर उजव्या कुल्ल्यात ठणका होता, पण ते होतं आणि जातं हे आधी सांगितलेलं असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. शेजारच्या काकूंनी मधेच व्हॉट्सॲपवर, सैल भाग धरून ठेवायला आत जी जाळी बसवतात ती बंद झाली, असा मेसेज पाठवून आईची झोप उडवली होती. ते खरंय पण अर्धवट, अमेरिकेत २०१९ ला या आजारासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री थांबवली, आईला जाळी बसवलेलीच नव्हती.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. पिशवी न काढता ती वर टांगायच्या पद्धती इथे मुंबईतच निघाल्या, आपल्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात, तरण्या बायकांना मूल हवं असतं म्हणून. आणि त्याच राज्यात बीडच्या ८२ हजार ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये पाहणी झाली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांची कारणं वेगळी असतील, पण "काढून टाका" हे बोलणं सगळीकडे तेच. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ ला छापला, त्यात शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८. आमची आई त्या ९२ मधलीच समजा.

अजून एक, ऑपरेशन झेपणार नसेल किंवा नको असेल तर सिलिकॉनची रिंग आत बसवता येते, बऱ्याच जणींचं त्यावर वर्षानुवर्षं निभावतं, फक्त अधूनमधून काढून धुवायची आणि तपासून घ्यायची. आम्हाला पहिल्या दवाखान्यात याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. ऑपरेशन करायचंच असेल तर बायांनो "वरचं टोक कशाला बांधणार" एवढं विचारा. आणि नंतर तीन महिने हंडा, पोतं, नातवंड काही उचलायचं नाही. हे सुनेला आणि नवऱ्याला पण समोर बसवून सांगायला लावा, कारण आमच्याकडे पंधराव्या दिवशीच बाबा म्हणाले, एवढी कळशी तरी आण.

तर यावर एक अर्धं पान छापा ही विनंती. हेडिंगला "स्त्रियांचे विकार" असलं मोघम काही नको, सरळ "अंग बाहेर येणे" असंच मोठ्या टायपात लिहा, आईचा चष्मा कायम सापडत नसतो.

आपली एक वाचक, बार्शी
(आईने सांगितलंय, नाव छापू नका.)