बाइंडर आता पुरे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर छाती सपाट करण्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "कापडाने झाकलं जातंय ना? मग अंगाला सुरी कशाला लावून घेतोस?" आई गप्प होती, पण तिच्याही मनात तेच असणार. असं फोनवर घाईघाईत बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

ऑपरेशनमध्ये धोका आणि छाती दाबून धरणाऱ्या बाइंडरमध्ये काहीच नाही, असं तुम्ही दोघं धरून चाललाय. ऑपरेशनमध्ये धोका आहेच. पण बाइंडरही निरुपद्रवी नाही. मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदलेला पुरुष; म्हणून कॉलेजपासून तो माझ्या अंगावर आहे आणि इतकी वर्षं माझी पाठ, बरगड्या आणि कातडी त्याचा भार सोसतायत.

आई, तू तो दोरीवर वाळत घातलेला पाहिलायस. दिसायला बनियनसारखा, पण पुढचं कापड जाड, न ताणणारं. छाती सपाट दिसावी म्हणून तो दाबून धरतो, आणि छातीबरोबर बरगड्याही दाबल्या जातात. श्वास घेताना बरगड्या फुलायला हव्यात, त्यांना जागाच मिळत नाही. मग श्वास उथळ होतो आणि साधा जिना चढला तरी धाप लागते. "पोक काढून चालू नकोस" असं तू सारखं म्हणायचीस. ते पोक आधी छाती लपवण्यासाठी होतं. आता खांदे पुढेच राहतात, आणि संध्याकाळी दोन्ही फऱ्यांच्या मधे असं दुखतं की खुर्चीत टेकवत नाही. बाबा, तुमच्या कमरेच्या पट्ट्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते ना, की दिवसभर लावून ठेवू नका, स्नायू काम करणं सोडून देतील? माझा पट्टा छातीला आहे, आणि तो रोजचा आहे.

मधे छातीत डावीकडे कळ यायला लागली, तेव्हा इथल्या एका दवाखान्यात गेलो होतो. ईसीजी चांगला आला, गोळ्या देऊन घरी पाठवलं. शर्टाखाली काय आहे हे तिथे बोलण्यासारखं वातावरण नव्हतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना सगळं मोकळेपणी सांगितलं, तेव्हा त्यांनी बोटाने दाबून नेमकी जागा दाखवली. बरगडी छातीच्या हाडाला जिथे जोडलेली असते तिथे सूज होती. माझ्यासारखे कितीतरी जण दुखणं अंगावर काढतात, कारण डॉक्टरांपुढे शर्ट काढायचा म्हणजे सगळंच सांगायचं.

उन्हाळ्याचं तर विचारू नका. मे महिन्यात चिपळूणला यायचं मी का टाळतो, याचं खरं कारण हे आहे. त्या दमट उकाड्यात बाइंडरखाली घाम साचतो, काखेखाली पुरळ उठतं, मग गजकर्ण होतं आणि मलम लावूनही त्याच जागी परत येतं.

हे माझ्या एकट्याचं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाइंडिंग करणाऱ्या, म्हणजे छाती अशी बांधणाऱ्या, वेगवेगळ्या देशांतल्या १,८०० जणांना त्यांचे अनुभव विचारले होते. ९७ टक्क्यांहून जास्त लोकांनी बाइंडिंगमुळे काही ना काही त्रास झाल्याचं सांगितलं. पाठदुखी आणि अंग तापणं निम्म्याहून अधिक जणांना, छातीत दुखणं आणि धाप निम्म्याच्या जवळपास. थोड्या जणांच्या बरगड्याही मोडल्या होत्या. ही माहिती लोकांनी स्वतः भरून दिलेली होती, डॉक्टरांनी तपासून लिहिलेली नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण त्यातली एक गोष्ट मला फार पटली: आठवड्यातले जितके जास्त दिवस बांधाल तितक्या तक्रारी वाढतात. आणि त्याच लोकांनी हेही सांगितलं होतं की बाइंडिंगमुळे मनाची घुसमट कमी झाली. दोन्ही खरं आहे. बाइंडर नसता तर मी कॉलेज पुरं केलं नसतं.

आठ तासांपेक्षा जास्त घालू नका, झोपताना आणि व्यायाम करताना काढा, क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी कधीही गुंडाळू नका, असा सल्ला सगळीकडे देतात. तो बरोबरच आहे. पण सकाळी ऑफिसला निघताना चढवलेला बाइंडर रात्री रूमवर आल्यावर उतरतो. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, मीटिंगमध्ये तो कुठे काढू? मधे सुट्टी घ्या म्हणतात, म्हणजे त्या दिवशी घराबाहेरच पडायचं नाही.

आता ऑपरेशनबद्दल. सर्जननी छाती तपासली. इतकी वर्षं दाबून कातडी सैल पडलीय, त्यामुळे स्तनाग्राभोवतीचा छोटा छेद माझ्या उपयोगाचा नाही, असं ते म्हणाले. छातीखाली दोन आडवे छेद घ्यावे लागतील आणि स्तनाग्रं काढून नव्या जागी बसवावी लागतील. व्रण राहतील, तिथली संवेदना कमी होईल, कदाचित जाईलही. आत रक्त साचू शकतं, म्हणून सुरुवातीला नळ्या असतील. काही आठवडे घट्ट जाकीट घालायचं, हात डोक्यावर न्यायचे नाहीत, जड उचलायचं नाही. पुन्हा घट्ट कपडाच की, असं तुम्ही म्हणाल. हो, पण तो जखम भरेपर्यंतच.

बाबा, "अजून थोडी वर्षं थांब" म्हणालात. ती वर्षंही बाइंडरमध्येच जातील, आणि तोवर पाठ आणखी वाकेल. मला पंचेचाळिशीत ताठ चालायचंय. देवरुखच्या काकांसारखं उघड्या अंगाने विहिरीवर आंघोळ करायचीय. हा हट्ट नाही, पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय आहे.

पुढच्या तपासणीला तुम्ही दोघं आलात तर बरं होईल. जे मला विचारताय ते थेट सर्जननाच विचारा, ते मराठीतच बोलतात.

आणि आई, एक काम. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, हे त्यांनी विचारलंय. ऑपरेशननंतरही थोडा भाग आत राहतो, म्हणून पुढच्या तपासण्या त्यावर ठरतात. मोठ्या मावशीची गाठ काढली होती तेव्हाचा रिपोर्ट तिच्याकडे असेल, तर त्याचा फोटो काढून पाठव. कोणत्या वर्षी आणि तिच्या कितव्या वयात, तेही विचार. मावशीने कारण विचारलं तर खरं ते सांग, माझी हरकत नाही.

तुमचा,
मुलगा